तुम्ही या रुग्णाला ओळखता?

मुहय्योने एल्योरला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो पोट धरून असा काही विव्हळत होता की... तिला खरोखरच त्याची कणव आली.

रुग्ण खोटा आहे हे तिला ठाऊक होतं. त्याचं अपेंडिक्स जागच्या जागी ठणठणीत आहे, परीक्षा केंद्राने नाटकवाल्यांतून बोलावून आणलेला हा कुणी नट आहे, सगळं ठाऊक होतं. तरीसुद्धा. कपाळावर घाम, ओठ दाताखाली, एक पाय पोटाशी ओढलेला... लबाडाने काही म्हणजे काही सोडलं नव्हतं.

"तुम्ही या रुग्णाला ओळखता?" खिडकीशी बसलेल्या परीक्षक सालोमात आपांनी मान वर न करता विचारलं. हा प्रश्न त्या प्रत्येक परीक्षार्थीला विचारत.

"नाही, आपा."

"करा सुरू."

आता खरं तर इथे सरळ कामाला लागायचं. कुठे दुखतं, कधीपासून, उलटी झाली का; मग हात धुऊन पोट तपासायचं. पण मुहय्यो पडली उझबेकिस्तानातल्या आमच्या अंदिजानची पोरगी. समोर माणूस आला की छातीवर हात ठेवून आधी त्याची विचारपूस करायची, मग काय ते बोलायचं, हे अंगात भिनलेलं. आल्या आल्या 'कुठे दुखतं' विचारणं म्हणजे आमच्याकडे तोंडावर दार लावण्यासारखंच.

"अस्सलाम आलैकुम. बरे आहात ना? थकला नाहीत ना? घरी सगळे सुखरूप? आई-वडिलांची तब्येत? मुलंबाळं?"

विव्हळणं थांबलं. रुग्णाने डोळे उघडले. काळेभोर, आणि आत कुठेतरी हसू दडवलेलं.

"वालेकुम अस्सलाम. देवाची कृपा. आई बरी आहे, गुडघे जरा धरतात. मुलंबाळं नाहीत... लग्नच झालं नाही अजून." मग क्षणभर थांबून, अगदी अदबीने, "तुम्ही कशा आहात? थकला नाहीत ना? घरी सगळे बरे? वडिलांची कंबर वगैरे?"

वडिलांची कंबर खरोखरच दुखत होती. कुणी इतक्या आपुलकीने विचारल्यावर उत्तर न देणं तिला जमेना. तिने उत्तर दिलं. मग त्याच्या वडिलांची चौकशी करणं आलं, त्याने तिच्या धाकट्या बहिणीची करणं आलं, आणि बहिणीच्या सासरपर्यंत गाडी पोचली तेवढ्यात वेळ संपल्याची घंटा वाजली.

मुहय्योचा हात अजून छातीवरच होता. पोटाला लागलाच नव्हता.

सालोमात आपांनी चष्मा काढून पुसला. "विचारपूस छान करता तुम्ही," त्या म्हणाल्या. "जूनमध्ये पुन्हा या."

झालं. नापास.

हे काय लहानसहान झालं नव्हतं. मुहय्यो सहा वर्षं सीमेपलीकडे, किर्गिझस्तानातल्या ओशमध्ये राहून डॉक्टरकी शिकली होती. आपल्या गावापासून ओश काही लांब नाही, पण मध्ये सीमा आहे, आणि पलीकडच्या पदवीवर इकडे कुणाला साधी गोळी लिहून देता येत नाही. आधी लेखी परीक्षा, मग ही प्रत्यक्ष रुग्ण तपासायची, मग परवाना. लेखी तिने उत्तम गुणांनी काढली होती. परवाना नाही म्हणून मुलांच्या इस्पितळात ताप मोजायचा, पोरांना खेळवायचं, इंजेक्शनच्या वेळी हात धरून ठेवायचे, एवढंच तिच्या वाट्याला. वॉर्डचे मोठे डॉक्टर भले माणूस. त्यांनी तिच्यासाठी एक जागा अडवून धरली होती. पण तेही म्हणाले होते, "जूनपर्यंत थांबतो, पोरी. पुढे माझ्या हातात नाही."

आणि मोहल्ला... मोहल्ल्यातल्या बायकांना तर आयताच विषय मिळाला. "ओशची डॉक्टरीण आली बघा," नळावर एकजण म्हणायची. दुसरी म्हणायची, "पलीकडची पदवी ना, कशी आणली कोण जाणे." मुहय्यो बादली उचलून निघून यायची. सहा वर्षं रात्रंदिवस घासून मिळवलेल्या गोष्टीवर कुणी असं थुंकलं की काय वाटतं, ते ज्याचं त्यालाच कळतं. त्या दिवशी घरी येऊन ती उशीत तोंड खुपसून रडली, आणि रडता रडता त्या काळ्याभोर डोळ्यांच्या नटाला तिने असे काही शाप दिले की विचारू नका.

शाप लागले नाहीत. आठवड्याभरात तो तिला बाजारात सापडला. सम्साच्या दुकानात उभा राहून, तंदूरमधून काढलेला गरमागरम सम्सा समोशासारखा दोन्ही हातांनी धरून मिटक्या मारत खात होता.

एप्रिलची सर आली होती. एकाएकी, उन्हातच. मुहय्यो ओढणी डोक्यावर ओढून पत्र्याखाली पळाली आणि समोर हा. हनुवटीवर तेलाचा थेंब.

"अपेंडिक्स बरं झालं वाटतं," ती म्हणाली.

तो दचकला. घास गिळताना ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. तिने बघत राहायचं ठरवलं होतं, पण न राहवून पाठीत एक थाप दिली. चांगली जोरात दिली.

"तुम्ही... घरच्यांची चौकशी करणाऱ्या."

"आणि तुम्ही नापास करणारे."

"मी?" त्याचा चेहरा खरंच पडला. "नापास झालात?"

"पोटाला हात लावायच्या आधी घंटा झाली. तुम्हाला माझ्या बहिणीचं सासर विचारायला कुणी सांगितलं होतं?"

"तुम्ही माझ्या आईचे गुडघे विचारलेत," तो कळवळून म्हणाला. "दिवसभरातल्या अकराव्या परीक्षार्थी होतात तुम्ही. आधीच्या दहांनी आल्या आल्या पोटात बोटं खुपसली. नाव नाही, गाव नाही. तुम्ही आलात, आईचं विचारलंत... मी विसरूनच गेलो की मी आजारी आहे. आता सांगा, कुणी इतकं विचारल्यावर उलट विचारायचं नाही? माझ्या आईला कळलं असतं तर तिने मला घरात घेतलं नसतं."

खरं म्हणजे हे अगदी बरोबर होतं, आणि म्हणूनच मुहय्योला जास्त राग आला. पाऊस पत्र्यावर तडतडत होता. बाहेर जावं तर भिजायचं, आत राहावं तर हा. त्याने दुसरा सम्सा घेतला आणि गुपचूप तिच्यापुढे धरला.

"एल्योर," तो म्हणाला. "बाहुल्यांच्या थिएटरात असतो. आजारी पडणं हा जोडधंदा."

"मुहय्यो. जोडधंदा नाही, धंदाच मिळत नाहीये."

तो हसला. मग एकदम गंभीर झाला. "हे बघा, मी तुम्हाला सराव देतो. हवं तितक्या वेळा आजारी पडतो. परीक्षेतले आजार मात्र सांगणार नाही, नानवर हात ठेवून शपथ घ्यायला लावलीय सालोमात आपांनी आम्हा सगळ्यांना. तुमच्यासाठी वेगळे आजार काढीन, माझ्या घरचे. आणि जूनमध्ये मी तिथे नसणारच, आमचा दौरा आहे नमंगानला. मग तर चालेल?"

मुहय्योने सम्साचा कोपरा तोडला. वाफ निघाली. "तुम्ही हे सगळ्या नापास मुलींना विचारता, एल्योर अका?" वयाने मोठ्या पुरुषाला आमच्याकडे असं अदबीने 'अका' म्हणतात.

"नापास मुलीला पहिल्यांदाच विचारतोय," तो म्हणाला. "सगळ्यांना नाही."

पाऊस कधीच थांबला होता. दोघांच्या लक्षात आलं नव्हतं.

आता तरुण मुलगा आणि तरुण मुलगी एकटी भेटली की मोहल्ल्याला जेवण जात नाही, हे काय सांगायला हवं? म्हणून सराव ठरला दिवसाउजेडी, थिएटरच्या तालमीच्या खोलीत. तिथे तोजिखोन खाला बसलेल्या असायच्या. सगळ्या थिएटरच्या या मावशी बाहुल्यांचे कपडे शिवायच्या. कानांनी जरा कमी, पण ते फक्त त्यांना नको असलेलं ऐकू येण्यापुरतं.

एल्योर आजारी पडायचा आणि मुहय्यो तपासायची. तो कधी गुडघा सुजलेला टरबूजवाला व्हायचा, कधी दमा असलेला शाळामास्तर, कधी नवऱ्याची तक्रार सांगता सांगता स्वतःची छाती चोळणारी बाई. बाई तर अशी की खालांनी शिवण बाजूला ठेवून बघितलं. पण मुहय्योचं घोडं तिथेच अडत होतं. छातीवर हात गेला की चौकशी सुरू, आणि चौकशी सुरू झाली की वेळ संपला.

"सोडून द्या ना ती चौकशी," एल्योर एकदा वैतागून म्हणाला. "तेवढ्यापुरती."

"नाही सोडता येत." तिचा आवाज चढला. "तोंड न बघता पोटाला हात लावायचा? मी नाही लावणार. बसेन मग आयुष्यभर ताप मोजत."

तो तिच्याकडे असा बघत राहिला की तिला उगीचच केस सारखे करावेसे वाटले.

"बरं," तो म्हणाला. "मग विचारा. थकला नाहीत ना, विचारा."

"थकला नाहीत ना?"

"थकतो हो. दोन जिने चढलो की बसावं लागतं," एल्योर शाळामास्तर होऊन म्हणाला.

आणि मुहय्यो थबकली. रोज आपण सगळे हा प्रश्न विचारतो, आणि उत्तर कोण ऐकतो? कुणी नाही. दोन्हीकडून एकदम बोलायचं आणि पुढे जायचं. "थांबा," ती हळूच म्हणाली. "बसावं लागतं म्हणजे धाप लागते? छातीत भरून येतं? आणि झोप, झोप कशी लागते? उशा किती घेता?" विचारता विचारता तिचा छातीवरचा हात खाली आला आणि त्याच्या मनगटावर जाऊन बसला. बोलणंही चालू, नाडीही चालू. "घरी कसं आहे म्हणजे... घरी अजून कुणाला असं होतं?"

एल्योर नाटक विसरून ताडकन उठून बसला. "मिळालं की तुम्हाला."

मिळालं होतं. चौकशी तीच, शब्द तेच, फक्त आता ती उत्तरं ऐकत होती. त्या दिवशी वेळ संपायच्या आत ती पहिल्यांदा मोकळी झाली. आनंदाने तिने मनगट सोडलंच नाही.

"नाडी जलद आहे," ती म्हणाली.

"जिने चढून आलो ना."

"थिएटरला जिना नाही."

तोजिखोन खालांची सुई थांबली. एल्योरने खिडकीबाहेर बघितलं, मग छताकडे बघितलं, आणि शेवटी शेजारची बाहुली उचलून हातात चढवली. मोठ्या डोक्याचं, नकट्या नाकाचं एक पोरगं होतं ते. त्याने तिच्याकडे मान वळवली आणि चिरक्या आवाजात म्हणालं, "मला या डॉक्टरची भीती वाटते."

"का रे?" मुहय्योने विचारलं.

"ही हसत नाही."

मुहय्यो खुदकन हसली.

"हसली," पोरगं म्हणालं. "आता तर जास्तच भीती वाटते."

असे दिवस गेले. तुतीची झाडं पिकली, फुटपाथ जांभळे झाले. मुहय्यो थिएटरकडे जाताना रस्त्यात उगीच हसायची आणि ओळखीचं कुणी दिसलं की ओठ मिटून घ्यायची. बाहुली पुष्कळ काही बोलून गेली. एल्योर मात्र स्वतःच्या आवाजात काहीच बोलला नाही. एकदा तोंडाशी आलंही होतं त्याच्या... तिने अगदी श्वास रोखला... आणि त्याने विचारलं काय, तर चहा घेणार का. मग तो दौऱ्यावर निघून गेला. जाताना म्हणाला, "मी नसताना आजारी पडायला कुणी सापडेल ना?" आणि गाडीत चढला. मुहय्यो मनातल्या मनात इतकी चरफडली की त्या दिवशी वॉर्डात एका पोराचा ताप तिने तीनदा मोजला.

जून आला. परीक्षेच्या सकाळी मुहय्योने पियालाभर चहासुद्धा तसाच ठेवला. आई दारापर्यंत आली आणि तिने मुहय्योची ओढणी नीट केली.

केंद्राच्या व्हरांड्यात मुहय्योने डोळे मिटून सगळं पुन्हा घोकलं. नाव पुकारलं. दार उघडलं.

खाटेवर एल्योर.

झालं होतं असं, म्हणजे हे तिला नंतर कळलं, की दौरा ठरल्यापेक्षा लवकर आटोपून एल्योर आदल्याच संध्याकाळी परतला, आणि जर्दाळूंच्या दिवसांत नटमंडळींपैकी एकाने इतके जर्दाळू हाणले की खोटा पोटदुखीवाला खरा पोटदुखीवाला होऊन बसला. सालोमात आपांनी पहाटेच एल्योरला फोन केला. कोणत्या खोलीत कोण परीक्षार्थी येणार हे रुग्णांना सांगत नाहीत. त्याला वाटलं, इतक्या खोल्या आहेत, नेमकी ही कशाला आपल्याच खोलीत येईल?

तो कमरेत कळ आल्यासारखा वाकडा झाला होता. तिला पाहिलं आणि कण्हायचं विसरला. मुहय्योच्या काळजाचा ठोका चुकला, आणि मग इतका जोरात पडला की सालोमात आपांनाही ऐकू गेला असेल असं तिला वाटलं.

"तुम्ही या रुग्णाला ओळखता?" मान खालीच.

"ओळखते, आपा."

"गाव लहान आहे. नुसती ओळख चालते. जवळचं असेल तर खोली बदलावी लागते. राखीव खोलीत जावं लागतं." आपांनी हे इतक्यांदा म्हटलेलं होतं की शब्द आपोआप येत होते. "नुसती ओळख ना?"

सोपं होतं. हो म्हणायचं, बस्स. खोटंही झालं नसतं धड. कुणी कुणाला काय बोललं होतं? काहीही नाही. समोर तो होता, ज्याच्या कण्हण्याची एकेक तऱ्हा तिला पाठ होती. हो म्हणायचं, मनगट धरायचं, आणि परवाना खिशात. शेजारी बसलेला तरुण परीक्षक तिच्याकडे बघून मान हलवतसुद्धा होता, बोला, बोला.

पण मुहय्योला नळावरच्या त्या बायका आठवल्या. 'कशी आणली कोण जाणे.' इतके दिवस ती त्यांना मनात उत्तर देत आली होती, की बाई, घाम गाळून आणली, सरळ दारातून आणली. आणि आज?

"नाही, आपा," ती म्हणाली. "ओळखीपेक्षा जास्त आहे."

पेन थांबलं. "नातेवाईक?"

"नाही."

"सोयरीक ठरलीय? दोन्ही घरांनी नान मोडलाय?"

"नाही, आपा. अजून कुणी कुणाला काही बोललेलंही नाही."

"मग जास्त म्हणजे काय?"

मुहय्योचे कान तापले. अंदिजानात चारचौघांत असं काही बोललं की संध्याकाळच्या चहापर्यंत ते शेवटच्या गल्लीत पोचतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिने ओढणीचं टोक मुठीत धरलं.

"माझ्या बाजूने आहे," ती म्हणाली. "त्यांच्या बाजूचं मला माहीत नाही."

तरुण परीक्षकाला खोकला आला. सालोमात आपांनी मान वर केली; त्या परीक्षेत कुणी त्यांचे डोळे धड पाहिलेले नव्हते. खाटेवरचा रुग्ण कमरेची कळ विसरून काठीसारखा सरळ झाला होता, आणि त्याचे कान... टोमॅटोच म्हणा ना. त्याने तोंड उघडलं.

"रुग्णाने गप्प बसायचं," आपा म्हणाल्या. त्याने तोंड मिटलं.

"हे बोलला नसतात तर चाललं असतं, मुहय्यो, कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय."

"राखीव खोलीत आज सकाळपासून एकही जण पास झालेला नाही. आणि तिथला निकाल शेवटचा."

"माझ्या पदवीकडे लोक आधीच वाकड्या नजरेने बघतात, आपा. परवान्याकडे तरी कुणी तसं बघू नये."

आपांनी पेनाला टोपण लावलं. मग दाराकडे बोट दाखवलं. "डावीकडे, शेवटची खोली. जा."

जाताना मुहय्योने खाटेकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाय हललेच नसते.

शेवटच्या खोलीत एक भारदस्त बाई खुर्चीत बसली होती. नाटकातून निवृत्त झालेली, हातात रुमाल, चेहऱ्यावर 'या, बघू तुमचं काय ते' असा भाव. मुहय्यो समोर बसली. छातीवर हात. सलाम. "थकला नाहीत ना?" आणि दुसरा हात मनगटावर.

"थकवा विचारू नकोस, बाळा," बाई म्हणाली आणि सुरू झाली. सून, नातवंडं, अंगणातली विहीर, शेजारणीचा कोंबडा... सकाळपासून सगळे याच पुरात वाहून गेले होते. कुणी मध्येच तोडलं होतं, त्यांच्यावर बाई रुसून बसली होती; कुणी ऐकत बसले, त्यांची घंटा झाली. मुहय्यो ऐकत होती. कोंबड्याने झोपमोड होते? होते, पण त्याआधीच उठावं लागतं, लघवीला, दोन-तीनदा. विहिरीचं पाणी गोड आहे का? गोड, गार, कितीही प्या तहान भागत नाही. सुनेच्या हातचं जेवण जातं ना? जातं गं, चांगलं जातं, पण कपडे सैलच होत चाललेत.

"तुमच्या घरी साखरेचा आजार कुणाला होता, खाला?"

बाईचा रुमाल हवेतच राहिला. "आईला," ती म्हणाली.

मग मुहय्यो थांबली नाही. पाय तपासले, डोळे पाहिले, रक्तातली साखर कधी तपासायची ते सांगितलं, घाबरू नका म्हणाली. शेवटचा प्रश्न विचारून झाला आणि घंटा वाजायची तिने चक्क वाट पाहिली. बाईने उठता उठता तिच्या गालाला हात लावला, जे नियमात बसत नव्हतं.

बाहेर अंगणात चिनाराखाली एल्योर उभा होता. त्याच्या हातात ना बाहुली होती, ना पाठ केलेलं बोलणं, आणि तो अगदी केविलवाणा दिसत होता. मुहय्यो चार हातांवर थांबली. एवढं सगळं बोलून झाल्यावर आता तिला कानकोंडं झालं होतं.

"आपांनी मला काढून टाकलं," तो म्हणाला. "म्हणाल्या, परीक्षार्थींचे घरचे लोक इथे चालत नाहीत."

"सॉरी."

"सॉरी काय? घरचे लोक म्हणाल्या त्या." तो एक पाऊल पुढे आला, आणि पहिल्यांदाच, बाहुलीशिवाय, सोंगाशिवाय, स्वतःच्या जरा घोगऱ्या आवाजात बोलला. "मुहय्यो, मी नमंगानमध्ये रोज तीन खेळ केले आणि तिन्ही खेळांत चुकलो. गाढवाचा आवाज राजाला दिला. तू माझ्या आईचे गुडघे विचारलेस ना, त्याच दिवसापासून हे असं आहे. मला वाटायचं, आधी तुझा परवाना होऊ दे, मध्ये आपली कटकट नको. आणि तू तिथे सगळ्यांसमोर... मी लाकडासारखा पडून. मला तू आवडतेस. खूप. एवढंच आहे, दुसरं काही सुचत नाहीये."

मुहय्योला हसू येत होतं आणि रडूही. दोन्ही एकदम आल्यावर माणूस करतं काय? ती म्हणाली, "नाडी दाखवा." त्याने मुकाट्याने हात पुढे केला.

तेवढ्यात दार उघडून सालोमात आपा पायरीवर आल्या. हात धरलेले दोघं त्यांना दिसले, पण त्यांनी दिसल्याचं दाखवलं नाही. "मुहय्यो," त्या म्हणाल्या. "पास. राखीव खोलीतून आजची एकटीच." मग जरा थांबून, "चौकशी चालू ठेवा," आणि आत गेल्या.

ती तिथेच पायरीवर मटकन बसली. मग उठली. मग पुन्हा बसली. आधी आईला फोन केला, पलीकडून नुसतं हुंदके देणं ऐकू आलं आणि मागून वडील ओरडले, "कंबर गेली खड्ड्यात, मी येतोय तिकडे." मग मोठ्या डॉक्टरांना. ते फार बोलणारे नव्हतेच. ती "हो सर, हो सर" म्हणत राहिली आणि फोन ठेवल्यावरही एकदा म्हणाली.

एल्योर तिच्याकडे बघत उभा होता. गुडघे टेकून पायरीच्या खाली बसला, म्हणजे दोघांचे डोळे समोरासमोर आले.

"आईला सांगतो आजच," तो म्हणाला. "मावशीला घेऊन येईल तुमच्याकडे, रीतसर मागणी घालायला. रविवारी येऊ दे?"

"रविवारी नको."

त्याचा चेहरा असा पडला की काय सांगू. "का? घरून नकार येईल? वडील..."

"वडिलांचं काही नाही."

"मग? घाई होतेय का? मुहय्यो, मी थांबतो, लागेल तेवढं थांबतो, तू फक्त..."

"रविवारी माझी ड्यूटी आहे," मुहय्यो म्हणाली.

शब्द तोंडातून बाहेर पडले आणि तिलाच ते नवे वाटले. ओशच्या थंडीत, नळावरच्या रांगेत, उशीत तोंड खुपसून ती कितीदा हे वाक्य मनात बोलली होती. मोठ्याने म्हणायचा हक्क आजचा.

"मुलांच्या वॉर्डात," ती म्हणाली, आणि आता डोळ्यांतलं पाणी काही थांबेना. "सकाळी आठपासून. रविवारी माझी ड्यूटी आहे, एल्योर अका. त्यांना सोमवारी पाठवा."